राणीचे स्मारक आणि कस्तुरबांचे स्मारक

थोर माणूस गेला की त्याची आठवण मागे राहावी, असे लोकांना वाटते. मग कोणी पुतळा उभारतात, कोणी रस्त्याला त्याचे नाव देतात, कोणी पाणपोई घालतात. काही लोक मात्र वर्गणी गोळा करतात आणि त्या पैशातून गरजू माणसांच्या शिक्षणाची सोय करतात. अशा मदतीला स्मृती-शिष्यवृत्ती म्हणतात. शिष्यवृत्ती म्हणजे उर्दूतला वजीफा.

आपल्या देशात खेड्यांतील स्त्रियांसाठी अशी दोन मोठी स्मारके झाली. पहिले एका सम्राज्ञीच्या नावाने झाले. दुसरे त्याच साम्राज्याच्या कैदेत मरण पावलेल्या एका स्त्रीच्या नावाने झाले. बाळंतपणात आई आणि मूल यांचे प्राण वाचावेत, ही इच्छा दोन्हींच्या मागे होती. पण पैसा कोणावर खर्च करायचा, शिक्षण कोठे द्यायचे आणि शिकून झाल्यावर त्या माणसाने काम कोठे करायचे, या प्रश्नांची उत्तरे दोन्ही ठिकाणी वेगवेगळी होती. म्हणून ही दोन स्मारके शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. हिंदुस्थानात तिला ‘कैसर-ए-हिंद’ असा किताब होता. त्या वेळी लॉर्ड कर्झन हे आपल्या देशाचे व्हाइसरॉय होते. राणीचे भव्य स्मारक व्हावे, असे त्यांनी ठरवले. संस्थानिकांनी आणि धनिकांनी देणग्या दिल्या. राजस्थानातल्या मकराण्याहून पांढरा संगमरवर आला. १९०६ साली पायाभरणी झाली आणि १९२१ साली इमारत लोकांसाठी खुली झाली. एक कोटीहून अधिक रुपये तिच्यावर खर्च झाले. कोलकात्याला गेलात, तर हे ‘व्हिक्टोरिया मेमोरियल’ तुम्हांला आजही पाहता येईल.

कर्झन यांच्या पत्नी लेडी कर्झन यांनी त्याच राणीच्या नावाने दुसरे एक स्मारक केले. ते पाहायला कोणी जात नाही, कारण पाहण्यासारखे तेथे काहीच नव्हते. १९०३ साली त्यांनी ‘व्हिक्टोरिया स्मृती-शिष्यवृत्ती निधी’ सुरू केला. ही शिष्यवृत्ती शाळेतल्या मुलांसाठी नव्हती. ती होती दायांसाठी.

दाई हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठीत तिला सुईणही म्हणतात. त्या काळी देशातील बहुतेक सर्व बाळंतपणे घरीच होत आणि ती दाईच्या हातून होत. हे काम पिढीजात असे. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे ते जाई. पुरुष डॉक्टरला घरात येऊ देण्याची रीत नव्हती आणि स्त्री डॉक्टर तर बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या त्या १८८६ साली. म्हणजे या निधीच्या अवघ्या सतरा वर्षे आधी. दवाखाने होते तेही मोठ्या शहरांत. खेड्यातल्या बाईला दाईशिवाय दुसरा आधारच नव्हता.

या दायांच्या हाताला अनुभव होता. मूल आडवे आले आहे की सरळ, हे पोटावरून हात फिरवून त्या ओळखत. पण जंतू नावाची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. नाळ कापायला जे हाताशी असेल ते घेतले जाई. विळा, चाकू, कधी बांबूची धारदार काडीसुद्धा. कापलेल्या नाळेवर राख किंवा शेण लावण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच राहतात. नाळेच्या जखमेतून ते बाळाच्या अंगात शिरत. सुरुवातीचे काही दिवस बाळ चांगले दूध पिई. मग एकाएकी त्याचा जबडा आवळला जाई, त्याला दूध ओढता येत नसे, अंग धनुष्यासारखे ताठ होई आणि थोड्याच दिवसांत ते दगावे. घरचे लोक म्हणत, बाळाला नजर लागली. न धुतलेल्या हातांमुळे आईलाही ताप येई. त्याला सूतिकाज्वर म्हणतात. त्यात पुष्कळ बायका दगावत.

यावरून दायांना नावे ठेवण्याचे कारण नाही. युरोपातले नामांकित डॉक्टरही काही दशकांपूर्वी हेच करत होते. १८४७ साली व्हिएन्ना शहरातील रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांना औषधी पाण्याने हात धुवायला लावले. त्याबरोबर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरीही त्यांचे म्हणणे पुष्कळ डॉक्टरांना पटले नाही. डॉक्टरच्या हातून रोग पसरतो, हे ऐकणे त्यांना अपमानाचे वाटले. शिकलेल्या माणसांची ही गोष्ट; मग ज्यांना अक्षरओळखही नव्हती त्या दायांना काय म्हणावे?

लेडी कर्झन यांच्या निधीची योजना चांगली होती. दायांचे पिढीजात काम त्यांच्याकडून काढून घ्यायचे नाही, त्यांच्या धर्माच्या आणि चालीरीतींच्या आड यायचे नाही, फक्त त्यांना स्वच्छतेचे नवे ज्ञान द्यायचे, असे ठरले होते. त्यासाठी त्यांनी स्त्रियांच्या दवाखान्यात येऊन शिकायचे होते. आता, दाईला शिष्यवृत्ती कशाला हवी, असे तुम्ही विचाराल. तिचे पोट हातावर होते. दवाखान्यात शिकायला बसली, तर त्या दिवसाचे बाळंतपण दुसऱ्या दाईकडे जाई आणि त्याबरोबर धान्य, लुगडे, चार पैसेही जात. तो तोटा भरून निघावा म्हणून शिष्यवृत्ती. मुलांच्या शिष्यवृत्तीतही खरे तर हेच असते. गरीब घरातला मुलगा शाळेत बसतो तेव्हा घरात येणारी त्याची मजुरी बंद होते. फी माफ झाली तरी ही मजुरी कोण देणार, या प्रश्नापाशी पुष्कळांचे शिक्षण थांबते.

या निधीतून अनेक दाया शिकल्या. पण जेवढी अपेक्षा होती तेवढे यश मिळाले नाही. १९१८ साली निधीने एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात देशभरच्या स्त्री डॉक्टरांनी आपापले अनुभव लिहिले होते. कोठे दाया यायलाच तयार नव्हत्या. कोठे पैसे मिळतात तोवर येत आणि पुढे येईनाशा होत. कोठे शिकून गेलेली दाई घरी गेल्यावर पुन्हा जुन्याच पद्धतीने काम करू लागे. अनेक डॉक्टरांनी याचा दोष दायांच्या अज्ञानाला दिला. मला हा दोष अपुरा वाटतो. दवाखाना शहरात होता आणि दाईचे काम खेड्यात होते. दवाखान्यात नळ, साबण, उकळते पाणी, पांढऱ्या चादरी. खेड्यातल्या झोपडीत यांपैकी काय होते? शिवाय ती गावी परतल्यावर तिच्या पाठीशी कोणीही नव्हते. अडलेल्या बाळंतिणीला कोठे पाठवावे, हे शिकून तरी काय उपयोग, जेव्हा जवळचे रुग्णालय बैलगाडीने दोन दिवसांच्या वाटेवर असे! पैसा योग्य माणसाला मिळाला होता. पण त्या माणसाच्या गावापर्यंत तो पोचला नव्हता.

आता दुसऱ्या स्मारकाकडे वळू.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत महात्मा गांधींना अटक झाली. त्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा होती. तेथे आपण बोलू, असे कस्तुरबांनी सांगितले. सभेला पोचण्याआधीच पोलिसांनी त्यांनाही पकडले. त्यांच्याबरोबर डॉ. सुशीला नायर या तरुण डॉक्टरबाईंनाही अटक झाली. हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे. सर्वांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवले गेले. महाल मोठा होता, पण भोवती काटेरी तारा होत्या. कस्तुरबांची प्रकृती तेथे ढासळत गेली आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.

कस्तुरबांच्या नावाने निधी जमवावा, असे देशातील पुढाऱ्यांनी ठरवले. गांधीजींच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, म्हणजे २ ऑक्टोबर १९४४ रोजी, पंचाहत्तर लाख रुपये त्यांच्या हाती द्यायचे, असे उद्दिष्ट ठेवले गेले. युद्धाचे आणि महागाईचे दिवस होते. हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते. तरी लोकांनी दिले. गिरणी-मालकांनी मोठ्या रकमा दिल्या, तसे सामान्य माणसांनीही आपल्या ऐपतीप्रमाणे आणे-पैसे टाकले. ठरवल्यापेक्षा अधिक पैसा जमला. तो सेवाग्रामला गांधीजींच्या स्वाधीन करण्यात आला.

एवढ्या पैशात एखादे सुंदर स्मारक सहज उभे राहिले असते. गांधीजींनी ते होऊ दिले नाही. हा पैसा खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच खर्च होईल, शहरात नाही, असा त्यांचा आग्रह होता. काम करणाऱ्याही स्त्रियाच असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून ‘कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट’ उभा राहिला. ठक्करबाप्पा त्याचे चिटणीस होते. इंदूरजवळचे कस्तुरबाग्राम हे त्याचे मुख्य ठिकाण. महाराष्ट्रात हे काम प्रेमा कंटक यांनी पुण्याजवळच्या सासवडला उभे केले.

या आग्रहाचे कारण कस्तुरबांच्या आयुष्यातच सापडते. १९०० साली त्या आफ्रिकेत डरबन येथे होत्या. धाकट्या मुलाच्या, देवदासच्या जन्माच्या वेळी त्यांना अचानक कळा सुरू झाल्या. डॉक्टर लगेच मिळेना. सुईण आणायला माणूस गेला, तोवर वेळ निघून गेली. शेवटी गांधीजींनी स्वतःच ते बाळंतपण केले. बाळंतपण आणि बालसंगोपन यांवरचे एक गुजराती पुस्तक त्यांनी आधीच वाचून ठेवले होते, म्हणून निभावले. ज्या घरात असे पुस्तक नसते, ते वाचणारा कोणी नसतो, तेथे काय होत असेल?

पुढे १९१७ साली बिहारमधील चंपारणात निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध लढा झाला. गांधीजींनी तेथील काही खेड्यांत शाळा काढल्या आणि कस्तुरबांना भितिहरवा या गावी पाठवले. औषधोपचारासाठी डॉ. देव आले होते. तेथे औषधे किती होती? तीनच! एरंडेल, कोयनेल म्हणजे मलेरियावरची गोळी, आणि गंधकाचे मलम. तापाला कोयनेल, पोटाला एरंडेल, खरजेला मलम. गावातल्या बायकांची लुगडी फार मळलेली दिसत. त्या कपडे का धूत नाहीत, हे विचारायला गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले. तेव्हा एका बाईने त्यांना आपल्या झोपडीत नेले आणि म्हटले, बघा, येथे पेटी नाही की कपाट नाही. अंगावर आहे तेवढेच एक लुगडे आहे, ते धुऊ तर नेसू काय? स्वच्छतेचा धडा द्यायला गेलेल्या माणसाला त्या बाईने गरिबीचा धडा दिला. अशी गोष्ट फक्त बाईच बाईला सांगू शकते आणि तीही आपल्या घरात. शहरातल्या वर्गात ती कधीच कळली नसती.

म्हणून कस्तुरबा ट्रस्टने वेगळी वाट धरली. खेड्यांत राहायला तयार असलेल्या स्त्रिया निवडायच्या, त्यांना ग्रामसेविकेचे शिक्षण द्यायचे आणि पुन्हा खेड्यातच बसवायचे. शिकत असताना त्यांच्या राहण्याजेवण्याची काळजी ट्रस्टने घ्यायची. सेविकेने गावात बालवाडी चालवावी, सूतकताई शिकवावी, बायकांना लिहायला-वाचायला शिकवावे, आजाऱ्याला साधे औषध द्यावे. त्यांतल्या काही जणींना सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षणही दिले जाई. गावच्या लोकांचा विश्वास बसायला वर्षे लागत. पण सेविका गावातच राहत असल्यामुळे तिला ती वर्षे मिळत.

या ठिकाणी पैशाविषयी थोडे सांगायला हवे. शिष्यवृत्तीचा निधी दोन तऱ्हांनी चालतो. एका तऱ्हेत मूळ रकमेला हात लावत नाहीत. ती बँकेत ठेवतात आणि दरवर्षी येणाऱ्या व्याजातून मदत देतात. तुम्हांला वक्फची कल्पना माहीत असेल. वक्फची जमीन किंवा दुकान विकता येत नाही. त्याच्या उत्पन्नातून मदरसा, सराई किंवा दवाखाना चालतो. हे त्याच जातीचे आहे, फक्त येथे जमिनीऐवजी रोख रक्कम असते आणि भाड्याऐवजी व्याज. दुसऱ्या तऱ्हेत दरवर्षी लोकांकडून देणगी घेतात आणि ती त्याच वर्षी खर्च करतात. पहिली तऱ्हा निर्धास्त वाटते. गांधीजींना मात्र ती पसंत नव्हती. सार्वजनिक संस्थेने कायमच्या ठेवीवर जगू नये, असे त्यांनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे. ठेव असली की संस्था लोकांना विचारीनाशी होते. दरवर्षी झोळी घेऊन जावे लागले, म्हणजे काम नीट झाले की नाही, हे लोक विचारतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ठेवीचे मोल महागाईने घटते, हेही खरे. फार पूर्वी दहा रुपयांच्या शिष्यवृत्तीत महिन्याचा खर्च बराचसा भागे. आज त्यात फारसे काहीच येणार नाही.

कस्तुरबांच्या नावाची आणखी एक गोष्ट सेवाग्रामला झाली. १९४५ साली तेथे स्त्रिया आणि मुलांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना सुरू झाला. त्याला कस्तुरबांचे नाव दिले गेले. तो चालवण्याची जबाबदारी डॉ. सुशीला नायर यांनी घेतली. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले नाव ते हेच. त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात शिकल्या होत्या. हे महाविद्यालयही एका व्हाइसरॉयच्या दिवंगत पत्नीचे नाव घेऊन १९१६ साली सुरू झाले होते. स्वातंत्र्यानंतर सुशीलाबाई केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. खेड्यांत डॉक्टर का जात नाहीत, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज येत असे. वैद्यकीय महाविद्यालये शहरांत; विद्यार्थी सहा-सात वर्षे तेथे राहतात आणि तेथल्याच सोयींना सरावतात. मग खेड्यात जाताना त्यांना शिक्षा झाल्यासारखे वाटते. यावर त्यांनी सरळ उपाय केला. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामच्या त्या दवाखान्यालाच वैद्यकीय महाविद्यालय जोडले. त्याचे नाव महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. खेड्यात निघालेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय होय. पंधरा खाटांचा दवाखाना पुढे शेकडो खाटांचे रुग्णालय झाला.

नुसती शिष्यवृत्ती दिली की गावाला डॉक्टर मिळतो, असे समजणे चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या प्रश्नावर जगातील अनुभव गोळा केले. त्यांतून काही गोष्टी पुढे आल्या. खेड्यात वाढलेला विद्यार्थी डॉक्टर झाल्यावर खेड्यात काम करण्याचा संभव अधिक असतो. महाविद्यालय मोठ्या शहराबाहेर असेल, तर तो संभव आणखी वाढतो. शिकत असतानाच खेड्यात काम करावे लागले, तर त्याचाही उपयोग होतो. शिष्यवृत्ती देताना ‘शिकून झाल्यावर इतकी वर्षे ग्रामीण भागात सेवा करीन’ असा करार करून घ्यावा, असेही संघटनेने सुचवले. अशा कराराला बंधपत्र म्हणतात. बंधपत्र लिहून देणारे पुष्कळ असतात. पाळणारे त्याहून कमी. काही जण दंड भरून मोकळे होतात. श्रीमंत घरातल्या मुलाला दंड जड जात नाही, गरीब घरातल्या मुलाला जातो, म्हणजे सेवेचा सारा भार शेवटी गरिबावरच पडतो. करार करताना याचा विचार फार थोडे लोक करतात.

दायांचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्याची तुम्हांला उत्सुकता असेल. स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे त्यांना शिक्षण देण्याचे प्रयत्न चालू राहिले. त्यांना पाच स्वच्छता शिकवल्या जात : हात स्वच्छ, बाळंतपणाची जागा स्वच्छ, नाळ कापायचे पाते स्वच्छ, बांधायचा दोरा स्वच्छ आणि नाळ स्वच्छ, म्हणजे तिच्यावर काहीही लावायचे नाही. नवे पाते, दोरा आणि साबण असलेली लहानशी पिशवी त्यांना मिळे. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस देण्याची पद्धत रूढ झाली. आईला लस दिली की तिच्या रक्तातली संरक्षक शक्ती पोटातल्या बाळालाही मिळते. हळूहळू बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली. आज महाराष्ट्रात बहुतेक बाळंतपणे रुग्णालयातच होतात. नवजात बाळांचा आणि बाळंतिणींचा धनुर्वात भारतात आटोक्यात आल्याचे २०१५ साली जाहीर झाले. तुमच्या मोहल्ल्यात घरोघर फिरून गरोदर स्त्रियांची नावे लिहिणाऱ्या आशाताई तुम्ही पाहिल्या असतील. ही योजना २००५ साली सुरू झाली. आशाताई त्याच वस्तीत राहणारी असली पाहिजे, हा त्या योजनेचा पहिला नियम आहे.

सेवाग्रामच्या महाविद्यालयात नवीन विद्यार्थी आले की ते प्रथम गांधीजींच्या आश्रमात काही दिवस राहतात. तेथे झाडलोट, प्रार्थना, सूतकताई त्यांना स्वतः करावी लागते. त्यानंतर प्रत्येक तुकडी जवळचे एक खेडे निवडते आणि तेथे पंधरा दिवसांचे शिबिर भरते. प्रत्येक विद्यार्थ्याला त्या गावातली काही कुटुंबे नेमून दिली जातात. शिबिर संपले तरी काम संपत नाही. पुढे दर महिन्याला तो त्याच घरी जातो. कोणाला खोकला आहे, कोणाच्या बाळाची लस राहिली आहे, कोणती सून गरोदर आहे, विहिरीचे पाणी कसे आहे, हे तो विचारतो आणि वहीत लिहितो. पुढच्या महिन्यात तो आला, की घरातली म्हातारी आधी त्याच्यासाठी बाज ओढते आणि मग आपल्या गुडघ्यांची तक्रार सांगायला बसते.